साठ सेंटिमीटर

नवरीचा निरोप एका ओळीचा होता:
सगळं पांढरं. पानं शक्य तितकी कमी.

मी अवुओर. नैवाशाच्या तळ्याकाठी
तेरा वर्षं लोकांची लग्नं सजवते;
मला विचाराल तर पांढरा हा रंगच नाही,
भांडकुदळ भावकी आहे.
चुन्याचा पांढरा दुधाच्या पांढऱ्याशी बोलत नाही.
निशिगंधाशेजारी लिली उभी केली
की लिली निळसर पडते, निशिगंध मळका दिसतो,
आणि तळ्यावरून जाणारे पेलिकन
दोघांनाही नावं ठेवत जातात.

तरी बांधली कमान.
आठशे गुलाब, शीतगृहातून आलेले, ओठ घट्ट मिटून.
त्यांचे भाऊबंद रोज रात्री विमानात बसतात,
मला न दिसणाऱ्या लग्नांना जातात.
हे आठशे मात्र इथेच राहिले,
ज्या तळ्याचं पाणी प्यायले त्याच्याच काठावर.

संध्याकाळी नवरीची आई आली, गाथोनी.
चपला हातात, गवत ओलं होतं.
वाटलं, छान आहे म्हणेल, म्हणतात तसं.
तिने कमानीतून एक फूल उपसलं,
मनगटापासून खांद्यापर्यंत लावून पाहिलं.
"अठ्ठावन्न. हे परत जातं."
दुसरं: "साठ."
तिसऱ्याची बाहेरची पाकळी न बघताच खुडली,
घेवड्यातला खडा काढावा तशी, बोलता बोलता.

मला राग आला. माझी कमान, माझा घाम.
मग तिचे अंगठे दिसले,
पेरांवर काट्यांनी गिचमिड लिहिलेले.
एकोणीस वर्षं, सहा नंबरची शेड.
फेब्रुवारीत पाय असे सुजायचे की चपलेचा अंगठा तुटायचा.
आणि सुटताना फाटकावर
पिशवी उलटी करून दाखवायची:
एखादं फूल तर नाही ना.

"घरी एकही नेलं नाही," ती म्हणाली,
तक्रार नव्हे, हिशेब सांगावा तसं.
"वासही नसतो त्यांना. हुंगून बघ."
मी हुंगलं. पुठ्ठ्याचा वास आला, थंडगार.

जाताना वर्तमानपत्राची पुडी दिली.
पायरेथ्रमची फुलं, किनांगोपच्या, तिच्या माहेरच्या रानातली.
पांढरीच, पण मधोमध टक्क पिवळा डोळा.
"कुठे बसतात का बघ. नाही तर राहू दे."

निम्मी रात्र त्या पिवळ्याशी भांडले.
शेवटी नवरीच्या गुच्छात, आतल्या अंगाला,
तोंड खाली करून बांधली,
तिच्या मुठीला लागतील अशी. फोटोत येणार नाहीत अशी.

न्जांबीने गुच्छ घेतला. थबकली.
बोटांनी काहीतरी चाचपलं,
आणि आईकडे बघितलं नाही.
मुद्दामच नाही;
काजळ उतरलं असतं एवढ्या पांढऱ्यावर.

लग्न लागलं. पाद्रीबाबांच्या ऐन वाक्यात
गरुड ओरडला, पोरं हसली.
केक संपला, गाड्या गेल्या.

मग शेडमधल्या बायका कमानीपाशी आल्या,
ठेवणीतल्या कपड्यांत, अनवाणी,
आणि गाथोनीने माझी कात्री मागितली.
डोकी सारखी, देठ सारखे, दहा दहाची जुडी,
हात असे चालले की माझ्या नजरेला दम लागला.
बत्तीस बायका, बत्तीस जुड्या.
फाटकाशी पोचल्यावर एकीने, सवयच ती,
पिशवी उघडून अंधारापुढे धरली.
क्षणभर सगळ्या गप्प.
मग जी हसू लागली पहिली, तिला कुणी थांबवेना,
आणि थांबवायला जो तो हसतच होता.

उरलेलं सकाळी आवरू म्हणून मी आडवी झाले.
रात्री पाणघोडे हिरवळीवर चढून आले.
कमान कमरेपर्यंत सफाचट,
निशिगंध नाही, लिली नाही, अठ्ठावन्न नाही, साठ नाही.
एका खोल ठशात तळ्याचं पाणी साचलेलं,
त्यात एक पाकळी,
कुठल्याच पांढऱ्यात न बसणारी.

बिलात हे काही लिहिलेलं नाही.